वाचकांचे प्रश्न : जावयाच्या शेतकरी पूर्वजाचा शोध

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझी मुलगी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते. जावई तिथलेच, आडनाव ग्रीनवुड. दिवाळीत नऊ वर्षांचा नातू आला, तेव्हा त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून उतरवून आणलेली घराण्याची सात पिढ्यांची नामावळी मी त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, “आजोबा, मग बाबांची कुठे आहे?” जावयांना एवढेच ठाऊक आहे की, त्यांचे खापरपणजोबा कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातले शेतकरी होते, शेती सोडून ते लोवेल गावच्या कापडगिरणीत कामाला आले, आणि घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर रोमन अक्षरांत ‘बोवेर’ असे काहीसे लिहिलेले आहे. एवढ्या धाग्यावरून मूळ घराण्यापर्यंत पोचता येईल का? ते कोणत्या प्रकारचे शेतकरी होते, हे कळेल का? आणि त्यांची व आमची वंशावळ एकाच कागदावर मांडायची झाल्यास कशी मांडावी?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : बायबलमधला ‘बोवेर’ हा शब्द चुकीचा म्हणून बाजूला ठेवू नका, तो कानाने ऐकून लिहिलेला शब्द दिसतो. फ्रेंचमध्ये ‘ब्वा’ म्हणजे लाकूड किंवा रान आणि ‘व्हेर’ म्हणजे हिरवे. ब्वाव्हेर हे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतातले चांगले रुळलेले आडनाव आहे, आणि इंग्रजी बोलणाऱ्या गावात आल्यावर त्याचा सरळ अर्थ घेऊन ‘ग्रीनवुड’ झालेली घरे पुष्कळ आहेत. तसेच तिकडचे रुआ इकडे ‘किंग’ झाले आणि लब्लाँ ‘व्हाइट’ झाले. अर्थात ग्रीनवुड हे अस्सल इंग्रजी आडनावही आहे. त्यामुळे आज आपल्या हाती आहे तो तर्क आहे, पुरावा नव्हे, आणि पुरावा मिळेपर्यंत तो पेन्सिलीनेच लिहावा.

हा माणूस गाव सोडून का गेला, ते आधी समजून घेतले तर पुढचे कागद कुठे शोधायचे ते आपोआप कळते. सुमारे १८४० ते १९३० या काळात जवळपास नऊ लाख फ्रेंच-कॅनडियन लोक अमेरिकेत गेले, त्यांतले बहुतेक न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांच्या, गिरणीगावांत. कुटुंबे मोठी होती, सेंट लॉरेन्स नदीकाठची जुनी जमीन केव्हाच भरून गेली होती, मागच्या रानातली नवी जमीन खडकाळ होती, आणि आगगाडी झाल्यावर लोवेल दूर राहिले नव्हते. आपल्याकडे जन्मभर कापूस वेचणाऱ्याला गिरणी कशी असते हे ठाऊक नसते. या माणसाने कापसाचे बोंड कधी पाहिलेले नसेल आणि तरीही त्याच्या लेकरांचे बालपण सुताच्या धुळीत गेले असेल.

शोध मात्र क्युबेकपासून सुरू करू नका. आपल्या माणसाचे गाव माहीत नसताना तिकडच्या वह्या उघडणे म्हणजे तालुका ठाऊक नसताना सातबारा मागण्यासारखे आहे. आधी लोवेल. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या राज्यस्तरीय नोंदी १८४१ पासून आहेत. त्यांत जन्मस्थळ म्हणून बहुधा नुसते ‘कॅनडा’ सापडेल आणि आपली निराशा होईल. १९०० च्या अमेरिकी जनगणनेत माणूस देशात कोणत्या साली आला हे विचारलेले आहे, तेवढे टिपून घ्यावे. १८९० ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नये, कारण तिचे बहुतेक कागद आगीनंतर नष्ट झाले. खरी किल्ली तिसरीकडेच आहे. या गिरणी कामगारांनी गावोगाव स्वतःच्या फ्रेंच पॅरिश, म्हणजे चर्चची वस्तीनिहाय केंद्रे, उभ्या केल्या आणि तिथला पाद्री नोंदी फ्रेंचमध्ये, जुन्या आडनावाने लिहीत असे. सरकारी दप्तरात जो ग्रीनवुड आहे तोच चर्चच्या वहीत ब्वाव्हेर असतो, त्याच्या आईचे माहेरचे आडनाव तिथे असते, आणि नशीब चांगले असेल तर क्युबेकमधल्या त्याच्या गावाचे नावही. खापरपणजोबांचे लग्न लोवेलमध्ये झाले असेल तर ही एक नोंद मिळवण्यासाठी दोन महिने गेले तरी ते वाया गेले असे समजू नये.

एकदा गाव कळले की पुढची वाट आश्चर्य वाटावे इतकी सोपी होते, आणि मराठवाड्यातल्या माणसाला तर हेवा वाटावा अशी. क्युबेकमधल्या कॅथलिक चर्चच्या वह्या १६२१ पासूनच्या आहेत. १६४० साली क्युबेक गावातले चर्च जळाले, त्यात आधीच्या वह्या गेल्या, तेव्हा लोकांना विचारून आठवणीतून त्या पुन्हा लिहून काढल्या. पुढे सतराव्या शतकातच प्रत्येक वहीची दुसरी प्रत काढून ती न्यायालयाकडे देण्याची पद्धत सुरू झाली, म्हणून एक प्रत जळाली किंवा भिजली तरी बहुधा दुसरी हाती लागते. पाद्र्याने केलेली नोंद हीच तिथे सरकारी नोंद मानली जाई. चर्चपासून स्वतंत्र अशी नागरी नोंदणी क्युबेकमध्ये १९९४ साली आली. या वह्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तीन प्रकारच्या नोंदी असतात. जन्माच्या मागे लागू नका, लग्नाच्या मागे लागा. एकेका गावात एकाच नावाची पाच-सहा माणसे असतात. त्यातच मुलगा असेल तर नावाआधी जोझेफ आणि मुलगी असेल तर मारी लावण्याची रीत असल्यामुळे एका घरात चार जोझेफ सापडून माणूस चक्रावतो. तान्हे मूल दगावले तर पुढच्या बाळाला तेच नाव देत. विवाहाच्या नोंदीत मात्र नवरा-नवरी दोघांच्याही आई-वडिलांची नावे असतात, म्हणून एक लग्न सापडले की आधीच्या दोन लग्नांचा पत्ता लागतो, आणि असे लग्नामागून लग्न धरत सतराव्या शतकापर्यंत उतरता येते. लग्न बहुधा नवरीच्या गावी लागे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. उपवासाच्या काळात, म्हणजे ईस्टर आणि नाताळ यांच्या आधीच्या आठवड्यांत, लग्ने टाळत. म्हणून शेतकऱ्यांची लग्ने जानेवारी-फेब्रुवारीत आणि सुगी आटोपल्यावर नोव्हेंबरमध्ये दाटलेली दिसतात. आपल्याकडे चातुर्मास सरल्यावर तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडतात, तसेच.

अशी एखादी नोंद आपण जवळून पाहू, कारण नोंदीची भाषा ठरावीक आहे आणि एक वाचता आली की शंभर वाचता येतात. सुरुवातीला तारीख, आकड्यांत नव्हे तर अक्षरांत. नंतर, तीन वेळा चर्चमध्ये जाहीर पुकारा केला आणि कोणाची हरकत आली नाही, हे वाक्य. मग नवरदेवाचे नाव आणि धंदा : ‘क्युल्तिव्हातर’ असेल तर शेतकरी, ‘जुर्नालिए’ असेल तर रोजंदार. मग त्याच्या आई-वडिलांची नावे. नावाआधी ‘फ’ असा छोटासा शब्द आला तर तो माणूस लग्नापूर्वी वारलेला, आपण कैलासवासी लिहितो तसा. एवढ्या एका अक्षरी शब्दावरून वडिलांच्या मृत्यूचा काळ बांधता येतो. वधूवर जवळच्या नात्यातले असतील तर चर्चने त्यासाठी दिलेली सूट कोणत्या पायरीची, हेही लिहिलेले असते, आणि ही ओळ ओलांडून पुढे जाऊ नये, कारण दोघांचा पणजोबा एकच होता असा शोध त्या ओळीतच लागतो. शेवटी साक्षीदार, आणि शेतकऱ्याच्या नोंदीत वारंवार येणारे वाक्य : ‘त्यांनी सही करता येत नाही असे सांगितले.’ आडनाव दर पिढीला वेगळ्या अक्षरांत का लिहिले आहे याचे उत्तर या वाक्यात आहे. ज्याचे नाव त्याला लिहिता येत नव्हते, आणि पाद्री ऐकेल तसे लिहीत होता.

एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. जुन्या कागदांत महिना ‘७बर’, ‘८बर’ असा लिहिलेला आढळतो. तो सातवा किंवा आठवा महिना नव्हे. लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्टेम, म्हणून ७बर हा सप्टेंबर, ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा एक्स लावून डिसेंबर. हे ठाऊक नसल्याने मूल लग्नाच्या आधी जन्माला आले असे समजून घाबरलेले संशोधक आहेत.

आता आडनावाची दुसरी गाठ. एक-दोन शतके मागे गेल्यावर ब्वाव्हेर अचानक दिसेनासे होतील आणि त्या जागी दुसरेच आडनाव येईल. तिथे थांबू नका. न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे कॅनडातल्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, आडनावाला ‘दी’ हा शब्द लावून दुसरे नाव जोडत. दी म्हणजे आपला ‘ऊर्फ’. सैनिकांना पलटणीत मिळालेली टोपणनावे, मूळ गावाची नावे, शेताची नावे अशी ही ऊर्फ नावे. कधी पोरांनी पहिले आडनाव टाकले, कधी दुसरे, आणि सख्खे भाऊ दोन आडनावांनी नांदू लागले. दनव्हेर दी ब्वाव्हेर हे एक घराणे आणि जुबँ दी ब्वाव्हेर हे दुसरे. आज दोघांचेही वंशज नुसते ब्वाव्हेर असू शकतात आणि त्यांचा रक्ताचा संबंध असेलच असे नाही. आपल्याकडे एकाच वाड्यातला एक भाऊ शाळेच्या दाखल्यावर कदम असतो आणि दुसरा पाटील, तेव्हा गावाला काही कोडे पडत नाही, परक्याला पडते. इथे परके आपण आहोत.

मॉन्ट्रियल विद्यापीठात १९६६ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राच्या प्रकल्पाने १६२१ ते १८४९ या काळातल्या कॅथलिक नोंदी एकमेकींना जोडून कुटुंबवार संच तयार केला आहे. खापरपणजोबा १८७० च्या आसपास जन्मले असे धरले, तर त्यांच्या आजोबांचे लग्न या संचात सापडावे. सिप्रियँ तांगे या धर्मोपदेशकाचा १८७१ ते १८९० या काळात सात खंडांत छापलेला वंशकोशही अजून वापरला जातो. एका माणसाने एवढे केले याचे कौतुक करावे आणि त्यातली प्रत्येक तारीख मूळ वहीत पडताळून पाहावी. लोकांनी हौसेने इंटरनेटवर चढवलेल्या वंशावळींवर मात्र अजिबात विसंबू नका. त्यांतल्या पुष्कळ कोणत्या ना कोणत्या राजाला जाऊन मिळतात.

घराणे फ्रान्समधल्या कोणत्या गावचे, हे पहिल्या स्थलांतरित पुरुषाच्या क्युबेकमधल्या विवाहनोंदीत बहुधा मिळते. तो १६६५ साली आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीचा शिपाई असू शकतो. त्या सुमारे बाराशे जणांपैकी चारशेच्या आसपास तिथेच जमीन घेऊन राहिले. त्याची बायको १६६३ ते १६७३ दरम्यान राजाच्या खर्चाने लग्नासाठी पाठवलेल्या पावणेआठशेच्या आसपास मुलींपैकी असू शकते. १६६६, १६६७ आणि १६८१ च्या शिरगणत्यांत त्या जोडप्याचे नाव पाहावे. १६६६ ची मोजणी झाँ तालाँ या अधिकाऱ्याने करवली, तेव्हा सारी वसाहत ३,२१५ माणसांची भरली होती. एवढ्या थोड्या लोकांतून हा समाज वाढला असल्यामुळे डीएनए चाचणीत दूरचे नातेवाईक आहेत त्यापेक्षा जवळचे दिसतात. तो खर्च जावयांनी तूर्त केला नाही तरी चालेल.

दुसरा प्रश्न, कोणत्या प्रकारचे शेतकरी होते, हा मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. चर्चची वही माणसाचे येणे-जाणे सांगते. तो कसा जगला ते नोटरीच्या दप्तरात आहे. क्युबेकमध्ये जमिनीचा व्यवहार, लग्नाचा करार, मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी, सगळे नोटरीपुढे होई आणि मूळ कागद नोटरीकडेच राहत. ते आता क्युबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागारात आहेत आणि पुष्कळसे संगणकावरून पाहता येतात. जमीन सेन्यरची, म्हणजे ढोबळमानाने जहागीरदाराची, आणि शेतकरी त्याला दरसाल सारा देणारा. ही पद्धत १८५४ साली रद्द झाली. आपल्याकडे जहागिऱ्या १९४९ साली गेल्या, त्यामुळे आपल्या पिढीला हे नाते समजायला कठीण नाही. शेताचा आकार मात्र आपल्याला नवल वाटावा असा. नदीकडे तोंड केलेली अरुंद लांबलचक पट्टी, बहुधा तीन आर्पां रुंद आणि तीस-चाळीस आर्पां लांब. चौरस आर्पां म्हणजे आपले जवळजवळ चौतीस गुंठे. तेव्हा अशी पट्टी किमान पंचाहत्तर एकरांची भरते. प्रत्येकाला नदीचा काठ मिळावा, कारण रस्ता होण्याआधी वाहतूक नदीतूनच चाले, म्हणून ही रचना झाली.

या दप्तरात एक कागद आवर्जून शोधा : म्हाताऱ्या आई-वडिलांनी हयातीतच एका मुलाला सगळे शेत देऊन टाकल्याचा दानलेख. कायद्याप्रमाणे वारसांचे वाटे सारखे. पण वाटण्या केल्या तर पट्टीच्या चिंध्या होतील, म्हणून शेत एकाला देत आणि त्याच्याकडून म्हातारपणाची पोटगी कलमावर कलम लिहून घेत. वर्षाला इतकी मापे गव्हाचे पीठ, इतके वजन भरलेला डुक्कर, इतके सरपण फोडून चुलीजवळ आणून रचलेले, रविवारी चर्चला जायला जुंपलेली गाडी, मेल्यावर इतक्या प्रार्थना. आणि एक ‘न मरणारी गाय’. गाय म्हातारी झाली किंवा मेली तर मुलाने लगेच दुसरी दुभती गाय आणून बांधायची, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे हे सगळे चार भावक्यांच्या साक्षीने तोंडी ठरते आणि दोन वर्षांत मोडते. तिथल्या बापाने पोरावर माया असूनही कागद करून घेतला, हे मला शहाणपणाचे वाटते. असा लेख मिळाला तर खापरपणजोबांचे नाव त्यात घेणारा म्हणून आहे की नाही, ते पाहा. नसेल, तर लोवेलला जाण्याचे कारण तिथेच सापडले असे समजा : शेत दुसऱ्या भावाला गेले होते. १८७१ च्या कॅनडाच्या जनगणनेत प्रत्येक शेतकऱ्याची जमीन, पीक आणि जनावरे यांचा स्वतंत्र तक्ता आहे. त्यात ते लहानपणी कोणत्या घरात वाढले ते दिसेल.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला थोडे अवघड वाटेल. दोन्ही वंशावळी शेजारी मांडाल तेव्हा जावयांच्या बाजूला प्रत्येक पुरुषाशेजारी एक बाई असेल, तिच्या माहेरच्या आडनावासकट, कारण क्युबेकच्या वह्यांत बाई जन्मापासून दफनापर्यंत माहेरच्याच नावाने लिहिली जाते. आपल्या बाजूला सात पुरुष असतील. तीर्थोपाध्यायांच्या वहीचा तो दोष नव्हे. ती पिंडदानाच्या सोयीसाठी ठेवलेली आहे. पण नातू आपल्याकडे आला आहे तो मुलीकडून, आणि आपल्या नामावळीत मुलीला जागाच नाही, हे त्याच्या लक्षात येईल.

ती जागा भरण्याचे साधन तहसीलमध्ये आहे. वारसाची फेरफार नोंद काढा. आजोबा वारल्यानंतरच्या फेरफारात आजीचे नाव असण्याची शक्यता आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावे येऊ लागली, आणि बहिणींनी भावांना लिहून दिलेल्या हक्कसोडपत्रात तर त्यांची नावे, सासरची गावे आणि अंगठे सगळेच असते. ज्या कागदाने त्यांचा वाटा गेला त्याच कागदावर त्यांचे नाव राहिले आहे. त्याआधीचा कागद निजाम राजवटीतला, उर्दू किंवा मोडीत असेल आणि त्यावर फसली सन असेल. त्यात ५९० मिळवा, वर्षाचा उत्तरार्ध असेल तर ५९१. जहागिऱ्या रद्द करणारा हुकूम १३५८ फसलीचा आहे, तो याप्रमाणे ऑगस्ट १९४९ चा ठरतो. हे सगळे करण्याआधी मात्र घरातल्या सर्वांत वयस्क बाईकडे वही घेऊन बसा, आणि तिला आजीचे नाव विचारू नका. ते घ्यायची तिला सवय नसेल. आजीचे माहेर कोणते, तिथून पहिला मुराळी म्हणून कोण यायचा, हे विचारा.